पाकिटावरचे आकडे आणि बांधावरची झाडे



आठवड्याच्या बाजाराहून येताना मुलांसाठी बिस्किटाचा पुडा आणायचा, उन्हाळ्यात आइस्क्रीमचा कप घ्यायचा, पाहुणे आले की सरबताची बाटली उघडायची, यात आता खेड्यातल्या घरालाही नवल राहिलेले नाही. पण त्या पुड्याची पाठ उलटून कधी वाचली आहे का? मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरे असतात. मैदा, साखर, खाद्यतेल, मीठ, इथवर सारे ओळखीचे. मग एकदम आकडे सुरू होतात. आयएनएस ३२२, आयएनएस ३३०, आयएनएस ४१२, आयएनएस ४१५. इथे वाचणारा थबकतो.

महिला मंडळाच्या बैठकीत बियाण्याचे, खताचे बोलणे संपले की एखादी ताई हमखास असा पुडा पुढे करते आणि विचारते, "साहेब, ह्यात औषध घातलंय का हो?" औषध म्हणजे आपल्या बोलीत फवारणीचे औषध. प्रश्न रास्त आहे. लेकराच्या तोंडात जे जायचे ते काय आहे, हे आईने विचारायचे नाही तर कोणी? त्या प्रश्नाचे उत्तर आज जरा ऐसपैस देतो. आधीच सांगून ठेवतो, या आकड्यांमागे दडलेली बरीच मंडळी तुमच्या ओळखीची निघतील. कोणी परसात उभे आहे, कोणी बांधावर, तर कोणी चक्क कांद्याच्या चाळीत.

आकडा म्हणजे गट नंबर

सातबाऱ्यावर जमिनीचा गट नंबर असतो. त्यावरून जमीन कोणती ते कळते. ती काळी कसदार की मुरमाड, हे नंबर सांगत नाही. पाकिटावरच्या आकड्याचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघींनी मिळून चालवलेले कोडेक्स नावाचे एक मंडळ आहे. खाद्यपदार्थांचे नियम जगभर सारखे असावेत म्हणून ते काम करते. एकाच पदार्थाला दहा देशांत दहा नावे असल्यामुळे घोटाळा होई. तो टाळण्यासाठी या मंडळाने १९८९ साली अन्नात मिसळायच्या पदार्थांना क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली. तेच क्रमांक आपल्याकडच्या पाकिटांवर छापले जातात.

ढोबळमानाने लक्षात ठेवायचे तर १०० च्या घरातले आकडे रंगाचे, २०० च्या घरातले पदार्थ टिकवणाऱ्यांचे, ३०० च्या घरात आंबटपणा आणणारे आणि तेल खवट होऊ न देणारे, आणि ४०० च्या घरात दाटपणा, चिकटपणा आणणारे. आकडा आहे म्हणून ते विष, असे नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातल्या हळदीच्या पिवळ्या रंगालाही आकडा आहे, १००. देवघरापासून जखमेवरच्या लेपापर्यंत चालणारी हळद पाकिटावर नुसती आकडा होऊन बसली, की आपणच तिला ओळखत नाही.

म्हशीच्या दुधाचे लोणी पिवळे कसे?

घरी म्हशीच्या दुधाचे ताक घुसळले तर लोण्याचा गोळा पांढराशुभ्र निघतो. विकतच्या लोण्याची वडी मात्र छान पिवळी असते. हा फरक कशाचा?

हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचे पिवळे द्रव्य असते. गाईने चारा खाल्ला की त्यातले काही जसेच्या तसे दुधात उतरते, म्हणून गाईच्या तुपाला पिवळी झाक असते. म्हैस तोच चारा खाते, पण ते द्रव्य अंगातच अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. त्यामुळे दूध पांढरे, लोणीही पांढरे. गिऱ्हाइकाला मात्र लोणी पिवळेच हवे असते. मग कारखान्यात त्याला रंग देतात, आणि तो रंग पुष्कळदा शेंद्रीचा असतो. आकडा आहे १६०-बी.

शेंद्रीचे झाड तुम्ही एखाद्या शाळेच्या किंवा सरकारी बंगल्याच्या आवारात पाहिले असेल. लहानखुरे झाड, त्याला तांबड्या केसाळ बोंडांचे घोस. बोंड वाळून उकलले की आत शेंदरी भुकटीने माखलेले दाणे दिसतात. दाणा बोटांत चोळला तर रंग दिवसभर जात नाही. हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. तिथले आदिवासी अंग रंगवण्यासाठी याचे दाणे वापरीत. आज तोच रंग लोण्यात आणि चीजमध्ये जातो.

रंगाच्या या घराण्यात आपले आणखी दोन ओळखीचे आहेत. लाल मिरचीतून तिखटपणा वेगळा काढून राहिलेला लाल रंग म्हणजे १६०-सी. आणि झेंडूच्या पाकळ्यांतून काढलेले पिवळे द्रव्य म्हणजे १६१-बी. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात, कारण अंड्याचा बलक गडद पिवळा असला की गिऱ्हाईक खूश होते. दसऱ्याचे तोरण उतरले की ज्या फुलाला कुत्रे विचारत नाही, त्याच फुलाचा हा दुसरा उपयोग.

गवार, चिंचोका आणि डिंक

आता ४१२ पाहू. आइस्क्रीमच्या कपावर हा आकडा फार वेळा दिसेल. ही आपली गवार.

आपण गवारीच्या शेंगा कोवळ्या तोडतो, निब्बर झाल्या तर गुरांपुढे टाकतो. त्यामुळे पिकलेल्या गवारीच्या बियांत काय असते, इकडे आपले लक्ष जात नाही. त्या बियांत सालीच्या आत, अंकुराभोवती एक कठीण पांढरट थर असतो. तो वेगळा काढून दळला की भुकटी होते. चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली तर पाण्याची लापशी होते, इतके पाणी ती धरून ठेवते. आइस्क्रीममधले पाणी गोठताना त्याचे खडे होतात आणि जिभेला बर्फ लागतो. गवारीचा डिंक ते पाणी बांधून ठेवतो, म्हणून आइस्क्रीम लोण्यासारखे मऊ लागते. थर काढून राहिलेली गवारीची चुरी आणि कोरमा हे प्रथिनांनी भरलेले पशुखाद्य. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि तीही मुख्यतः राजस्थानच्या कोरड्या रानात. या गवारीची एक शिकवण देणारी हकीकत आहे, ती पुढे सांगतो.

गवारीचा भाऊ शोभेल असा चिंचोका. मुलांच्या खेळात, सारीपाटाच्या दानात, फार तर भाजून दाढेखाली, एवढाच त्याचा उपयोग आपण जाणतो. पण घोंगडी विणणाऱ्या धनगर बांधवांना विचारा. लोकरीच्या ताण्याला बळ यावे म्हणून चिंचोक्याची खळ देण्याची रीत त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. चिंचोका भाजायचा, साल काढायची, दळायचा आणि शिजवायचा. हीच चिकट खळ शुद्ध करून जपानमध्ये सॉस आणि इतर खाद्यपदार्थ दाट करायला गेली कित्येक दशके वापरतात. तिचा आकडा ४३७. घोंगडीच्या मागावरची खळ आणि परदेशी बाटलीतला सॉस यांचे मूळ एकच आहे.

डिंकाचे लाडू कोणत्या बाळंतिणीने खाल्ले नाहीत? त्यातला धावड्याचा डिंक म्हणजे ४१९. कांडोळाचा डिंक ४१६. आणि आफ्रिकेतल्या सुदान देशात बाभळीच्या जातीचे एक काटेरी झाड आहे, त्याचा डिंक ४१४. संत्र्याच्या स्वादाच्या शीतपेयात संत्र्याच्या सालीचे तेल घातलेले असते. ते तेल पाण्यावर तवंगासारखे तरंगू नये, सगळीकडे सारखे मिसळून राहावे, हे काम हा डिंक करतो. त्याचे महत्त्व किती? १९९७ साली अमेरिकेने सुदानशी व्यापार बंद केला, पण या डिंकाला त्या बंदीतून सूट द्यावी लागली.

डिंकाच्या बाबतीत एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. जास्त डिंकाच्या लोभाने कांडोळाच्या खोडावर कुऱ्हाडीचे खोल घाव घातले गेले. घाव भरून आले नाहीत, झाडे उभ्याची वाळली, आणि काही राज्यांत डिंक काढण्यावरच बंदी आणावी लागली. दुभत्या जनावराचे रक्त काढल्यासारखाच हा प्रकार झाला.

याच रांगेत चायना ग्रास. नाव गवताचे, पण हे गवत नव्हे. हे समुद्रातले शेवाळ. ते उकळून त्याचा रस गोठवतात आणि वाळवतात. आकडा ४०६. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर बायका समुद्रात उतरून असे शेवाळ गोळा करतात आणि त्यावर त्यांची घरे चालतात.

तेलाच्या तळाचा गाळ

मराठवाडा-विदर्भातल्या बंधूंना ३२२ हा आकडा जवळचा वाटावा. सोयाबीनचे कच्चे तेल निघाले की त्यात एक चिकट पदार्थ असतो. तो राहिला तर तेल गढूळ होते आणि तळाशी साका बसतो. म्हणून तेलात गरम पाणी मिसळून तो वेगळा काढतात. हा चिकट गाळ म्हणजे लेसिथिन. तेल आणि पाणी यांचे एरवी पटत नाही. लेसिथिन दोघांचा हात धरून त्यांना एकत्र नांदवते. अंड्याच्या बलकातही हेच असते, आणि शास्त्रज्ञांना ते पहिल्यांदा सापडले तेही बलकातच. आज बिस्किटात, चॉकलेटात जे पडते ते मात्र बहुधा सोयाबीनचे असते.

कांद्याची काळी बुरशी आणि कोबीचा घाण्या

आतापर्यंतची मंडळी सरळमार्गी होती. आता जरा नाक मुरडायला लावणारी पाहू.

कांद्याच्या चाळीत पावसाळी हवेत कांद्याच्या सालीखाली काजळी धरते. बोट लावले तर काळे होते. ही काळी बुरशी, शास्त्रातले नाव ॲस्परजिलस नायजर. हीच बुरशी भुईमुगाची रोपे बुंध्याशी कुजवते. आपण हिला शिव्या घालतो. पण सरबतात, जॅममध्ये, आंबटगोड गोळ्यांत जे लिंबूसत्त्व असते, आकडा ३३०, ते आज लिंबातून क्वचितच येते. ते याच जातीच्या बुरशीकडून करवून घेतलेले असते.

पूर्वी लिंबूसत्त्व खरोखरच लिंबातून काढीत आणि त्या धंद्यावर इटली देशाचे राज्य होते. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की ही बुरशी साखरेच्या पाण्यात वाढवली तर ती साखर खाते आणि भरपूर आम्ल बाहेर टाकते. दोनच वर्षांत, १९१९ साली, त्यावर कारखाने उभे राहू लागले. साखरेच्या पाकाऐवजी साखर कारखान्याची मळीही चालते. मोठमोठ्या टाक्यांत हे काम चालते. शेवटी बुरशी गाळून टाकतात, आम्ल चुन्याने बांधून वेगळे काढतात, शुद्ध करतात, आणि त्याचे पांढरे स्फटिक होतात.

म्हणून काजळी धरलेला कांदा खायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. कारखान्यात निवडलेले, तपासलेले वाण असतात. चाळीतल्या बुरशीचा असा कोणी जामीन घेतलेला नाही. असा कांदा निवडून बाजूला काढावा हेच बरे.

आता ४१५. कोबीच्या पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग शिरतो, शिरा काळ्या पडतात, गड्डा सडतो आणि वास सुटतो. आपण याला घाण्या रोग म्हणतो. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. हा जिवाणू आपल्या अंगाभोवती एक चिकट बुळबुळीत द्रव तयार करतो. अमेरिकन कृषी खात्याची पिओरिया गावी प्रयोगशाळा आहे. तिथे ॲलीन जीन्स नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी अशा चिकट पदार्थांचा शोध घेत होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या हाती हा द्रव लागला. त्याचे नाव झँथन डिंक. १९६९ साली तिकडे तो अन्नात वापरायला परवानगी मिळाली.

टोमॅटो सॉसची बाटली उलटी केली तर सॉस पटकन पडत नाही, आणि हलवली की सुळकन येतो. ही करामत पुष्कळदा या डिंकाची असते. काही लोकांना गहू पचत नाही, गव्हातला चिवट भाग त्यांना बाधतो. अशांसाठी दुसऱ्या पिठांचा पाव करतात, तेव्हा तो चुरून जाऊ नये म्हणून हा डिंक घालतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कशी तुटते, हे ज्या भगिनींना ठाऊक आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. जिवाणू मारून, डिंक वेगळा करून, वाळवून मगच तो वापरात येतो. कोबीचा रोग पोटात जातो अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

किड्यांचे देणे

इथे माळकरी आणि शाकाहारी घरांनी जरा लक्ष द्यावे.

लाख आपल्याला बांगडीमुळे ठाऊक आहे. गोंदिया, गडचिरोलीकडे पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर लाखेचे बारीक किडे बसतात, फांदीतला रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतात. फांद्या तोडून ते कवच खरवडून काढतात. तीच लाख, आणि शुद्ध केली की चपडा. या धंद्यासाठी रांचीजवळ नामकुम इथे १९२४ सालापासून संशोधन संस्था आहे. चपड्याचा आकडा ९०४. चॉकलेटच्या चकचकीत गोळ्या, औषधाच्या काही गोळ्या, दुकानातली चमकणारी सफरचंदे यांच्यावर लाखेचा पातळ लेप असू शकतो.

दुसरा किडा मेक्सिको आणि पेरूकडचा. आकडा १२०, नाव कारमाइन. फड्या निवडुंगावर पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसतात. आपल्या डाळिंबावर, द्राक्षावर पिठ्या ढेकूण दिसतो ना, तसेच, आणि दोघे आहेतही दूरचे नातेवाईक. पुंजका चिरडला तर रक्तासारखा लाल रंग निघतो. मेक्सिकोचे मूळ रहिवासी गोरे लोक तिकडे पोचण्याच्या पुष्कळ आधीपासून हा रंग वापरीत. वाळलेल्या किड्यांचा एक किलो भरायला लाखाहून जास्त किडे लागतात. गुलाबी-लाल मिठाया, दही, सरबते यांत हा रंग वापरला जातो.

या किड्याशी आपल्या देशाचाही जुना संबंध आहे. इंग्रजांना हा महागडा रंग इथेच पिकवायचा होता, म्हणून १७९५ साली असे किडे भारतात आणले गेले. पण आलेली जात भलतीच निघाली. तिचा रंग कमी प्रतीचा, भूक मात्र जबर. तिने निवडुंगाची रानेच्या राने फस्त केली. रंगाचा धंदा बुडाला, पण निवडुंगाचा उपद्रव हटवायला याच किड्याचा उपयोग होतो हे लोकांच्या ध्यानात आले. तणावर किडा सोडून त्याचा बंदोबस्त करायचे जगातले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानतात.

मग शाकाहारी माणसाने ओळखायचे कसे? हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी; जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असे. मात्र एक बारकावा आहे. कायद्याने मांसाहाराच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाशीचे मेण आणि लाख वगळली आहे. म्हणजे वर लाखेचा लेप असला तरी पाकिटावर हिरवा ठिपका असू शकतो. ज्यांना लाखही नको असेल त्यांनी ९०४ हा आकडा पाहावा.

दुसरा बारकावा असा की आकड्यावरून दरवेळी मूळ कळत नाही. ४७१ हा आकडा बिस्किटावर, पावावर, आइस्क्रीमवर सर्रास असतो. तो चरबीपासून केलेला पदार्थ. ती चरबी वनस्पतीचीही असू शकते आणि जनावराचीही. आकडा दोन्हींना एकच. तिथे ठिपकाच पाहावा लागतो.

नैसर्गिक म्हणजे अमृत नव्हे

हे सारे वाचून एखादा म्हणेल, "चला, झाडापानांचेच आहे, आता काळजी नको." तसेही नव्हे.

पिवळा धोत्रा शेताच्या कडेला आपोआप उगवतो. पूर्ण नैसर्गिक. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचे तेल मिसळलेले निघाले. हजारो लोकांच्या अंगावर सूज आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. निसर्गातून आले एवढ्यावरून काही सुरक्षित ठरत नाही. ते शुद्ध आहे का, तपासलेले आहे का आणि किती घातले आहे, यावर सारे अवलंबून असते.

उलट, कारखान्यात रसायनापासून केलेले रंगही आहेत. १०२ हा पिवळा, ११० हा नारिंगी. त्यांना ठराविक पदार्थांत, ठराविक मर्यादेतच परवानगी आहे. हे पाकिटावर छापलेले असते, तेव्हा घ्यायचे की नाही ते आपल्या हाती राहते. खरा धोका आहे तो बिनपाकिटाच्या भडक मालात. जत्रेतली डोळ्यांत भरणारी पिवळी मिठाई, सुटी हळद, रंगीत बडीशेप यांवर आकडा नसतो आणि ठिपकाही नसतो. कपडे-कागदाचा मेटॅनिल यलो हा रंग खाण्यात वापरायला बंदी आहे, पण भेसळीत तो सापडत आला आहे. तेव्हा आकडा छापलेल्या पुड्याला भ्यायचे आणि उघड्यावरच्या केशरी जिलबीवर ताव मारायचा, हे काही शहाणपण नव्हे.

आणखी एक गोष्ट. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सर्वांत जास्त जे, ते सर्वांत आधी. आकडे बहुधा शेवटी असतात, कारण ते चिमूटभर असतात. सुरुवातीलाच साखर आणि तेल दिसले, तर मुलाच्या दातांची आणि वजनाची काळजी आधी त्यांच्यापायी करा.

आता शेतकऱ्याच्या बाजूने

हे वाचून उद्याच एकरभर शेंद्री लावायला किंवा कपाशी मोडून गवार पेरायला कोणी निघू नये. म्हणूनच मघाची गवारीची हकीकत सांगतो.

अमेरिकेत जमिनीच्या पोटातल्या खडकांना पाण्याच्या दाबाने भेगा पाडून तेल आणि वायू काढतात. त्या पाण्यात वाळू असते आणि ती तळाशी बसू नये म्हणून पाणी दाट करावे लागते. त्यासाठी आपल्या गवारीचा डिंक. हे काम वाढले तशी मागणी एकदम उसळली. २०१२ च्या सुरुवातीला गवारीच्या बियांचा भाव क्विंटलला तीस हजार रुपयांच्या आसपास गेला. सट्टा इतका माजला की मार्च २०१२ मध्ये वायदे बाजारातले गवारीचे व्यवहारच थांबवावे लागले. भाव ऐकून ठिकठिकाणी लोकांनी गवार पेरली. तोवर तिकडच्या कंपन्यांनी दुसरे पर्याय शोधायला सुरुवात केली होती. २०१४ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव कोसळले आणि गवार जमिनीवर आली. ज्यांनी चढत्या भावावर नजर ठेवून पेरणी वाढवली, त्यांच्या पदरी निराशा आली.

यावरून चार गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पहिली, आधी गिऱ्हाईक, मग पेरणी. रंगासाठी झेंडू असो, मिरची असो की शेंद्री, घेणाऱ्याचा लेखी करार हातात असल्याशिवाय सारे रान गुंतवू नये. प्रत कोणती, भाव कोणता, माल कोठे पोचवायचा, माल नाकारला तर काय, हे सारे कागदावर असावे. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठेच करून पाहावे.

दुसरी, जे आधीच घरात आहे ते फुकट घालवू नका. चिंच फोडल्यावर चिंचोके उकिरड्यावर जातात. ते धुऊन, कडक उन्हात वाळवून, कीड लागू न देता साठवले तर चिंचेच्या व्यापाऱ्याकडे चौकशी करता येते. एका घरचे दोन पायल्या होतील, त्याला कोणी विचारणार नाही. गावातल्या बचत गटाने एकत्र केले तर पोती भरतील.

तिसरी, डिंक आणि लाख गोळा करणाऱ्या वनवासी बांधवांसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा तुमचा हक्क मान्य केला आहे. ग्रामसभेतून त्याची माहिती करून घ्या आणि माल एकत्र विका. खोडाला घाव हलका आणि थोडा द्या, एकाच झाडाला वर्षानुवर्षे पिळू नका, लाखेची सारी फांदी एकदम तोडू नका. बियाण्यापुरते किडे झाडावर राहिले तर पुढचा हंगाम आहे.

चौथी गोष्ट घरातल्या शिकणाऱ्या मुलांसाठी. त्यांना पुड्याची पाठ वाचायला लावा. आकडे वहीत लिहू द्या आणि प्रत्येकापुढे झाड, बुरशी, किडा की कारखाना, ते मांडू द्या. एक-दोन महिन्यांत घरातल्या मोठ्यांना सांगण्याइतकी माहिती त्यांच्यापाशी जमेल. मग "ह्यात औषध घातलंय का?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला बाहेरचा साहेब लागणार नाही; घरातले पोरगेच सांगेल की आई, ही गवार आहे, हे सोयाबीन आहे, आणि हा १०२ आहे, हा पुडा परत ठेव.